फोर्जला हात लावू नका

१२ जानेवारी, सोमवार

आज पण गोल फिरतंय. ड्रॉइंगवर क्लिक केलं, चहा टाकला, गाळला, प्याले, कप विसळून पालथा घातला. येऊन बघते तर अजून गोल फिरतंय. उघडलं तेव्हा एक रेघ ओढावी तर ती आधी विचार करते आणि मग उमटते. आतला पंखा असा घुमतोय की कॉम्प्युटरचं हे डबडं टेबलावरून उडेल असं वाटतं.

मानेसाहेबांनी चाकणहून पहिल्यांदाच काम दिलंय. तीन डायची ड्रॉइंग. वेळेत आणि नीट गेली तर पुढचं काम माझं, नाहीतर भोसरीत कुणीतरी आहेच. हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली ती सुटलीच. इतक्या वर्षांनी कुणी मला "मॅडम, तुमचं ड्रॉइंग कुठवर आलं" असं विचारतंय. ते या डबड्यापायी जायला नको. पहिलं २४ ला द्यायचंय.

१३ जाने., मंगळ

जेवताना आप्पांनी विचारलं, दिवसभर काय काढत बसतीस. म्हटलं, नकल काढतेय.

"कंच्या गटाची?"

सासऱ्यांचा सगळा जन्म निघोज्यात गेला, त्यातला बराचसा तलाठ्याच्या दारात. नकल म्हणजे त्यांच्या लेखी सातबाऱ्याचीच. मग परातीतल्या कणकेवर समजावलं. गाडीच्या पुढच्या चाकामागे एक लोखंडी तुकडा असतो, कंपनीत सगळे त्याला नकल म्हणतात. लालबुंद लोखंड साच्यात ठेवून वरून घण बसला की नकल घडते. तो साचा म्हणजे डाय, आणि त्याचं चित्र मी काढते. कणकेत वाटी दाबून खड्डा दाखवला. बराच वेळ खड्ड्याकडे बघत होते. मग म्हणाले, म्हंजी वाटी नंतर, आदी खड्डा. अगदी बरोबर. कॉलेजात हेच समजायला मला एक वर्ष लागलं होतं.

सासूबाई गेल्यापासून एवढं पहिल्यांदाच बोलले. बरं वाटलं.

१४ जाने., संक्रांत

गोड बोलायचा दिवस म्हणून डबड्याशी पण गोड बोलले. उपयोग नाही.

नितीनला व्हॉट्सॲपवर कळवलं, कॉम्प्युटर मरायला टेकलाय. त्याचं उत्तर, "बघतो गुरुवारी." तो सध्या सेकंड शिफ्टला, बदलीवाला रजेवर गेल्यामुळे पुढच्या आठवड्यात पण सेकंडच. तो उठतो तेव्हा मी स्वयंपाकात, मी मोकळी होते तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये. आमचा संसार सध्या फोनवरच्या निळ्या टिकांवर चाललाय.

उद्याचा गुरुवार पण ओव्हरटाइमला गेला, असं आत्ता कळलं. छान.

१६ जाने., शुक्र

खालच्या दुकानातला रिपेअरवाला येऊन गेला. मी हार्ड डिस्क गेली असं धरूनच चालले होते. त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली, बटणं दाबली आणि म्हणाला, डिस्क चांगली आहे ताई, फक्त गच्च भरलीय. तिला श्वास घ्यायला जागा नाही. जागा करा, पळेल.

सुटले. नवीन घ्यायला नको. तो जाईपर्यंत त्याला दोनदा तिळगूळ दिला.

जाताना त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या हातोडा-ऐरणीच्या चित्रावर बोट ठेवलं. खाली लिहिलंय फोर्ज. हे फोल्डर फार मोठं आहे, काढू का म्हणाला. मी जवळजवळ त्याचा हातच धरला. नितीन फोर्जिंगच्या, म्हणजे लोखंड घडवायच्या प्रेसवर आहे, मागे कंपनीचं कसलंसं ट्रेनिंग त्यानं घरूनच केलं होतं. कंपनीची वस्तू आपल्या हातून उडाली तर केवढ्याला पडेल. म्हटलं, बाकी काही पण काढा, फोर्जला हात लावू नका.

१७ जाने., शनि

दिवसभर जागा केली. लग्नाची कॅसेट उतरवून घेतलेली ती पेनड्राइव्हवर. लेकीची, ऋजुताची शाळेची गॅदरिंगं, सहा कोनांतून तोच नाच, पेनड्राइव्हवर. माझी रांगोळीची चित्रं, जुनी ड्रॉइंग, पाककृतींचे व्हिडिओ, सगळं एकतर पेनड्राइव्हवर नाहीतर कचऱ्यात. सासूबाईंच्या साठीचा व्हिडिओ लागला. त्यात त्या आप्पांना पेढा भरवायला जातात आणि आप्पा तोंड फिरवतात. तो दोन ठिकाणी ठेवला.

संध्याकाळी ड्रॉइंग उघडलं. क्लिक, आणि समोर. रेघ ओढली की रेघ. मी एकटीच हसत होते. आप्पा दारातून डोकावून गेले, म्हणाले, झाली का जागा? त्यांना पण किती काळजी, बघा.

१८ जाने., रवि

गच्च. रात्रीत पुन्हा गच्च. काल जेवढं काढलं तेवढं कुणीतरी भरून ठेवलंय. हे काय आहे? घागर उपसावी आणि सकाळी काठोकाठ, तसं.

माझं लग्न पेनड्राइव्हवर गेलं ते फुकट.

१९ जाने., सोम

व्हायरस असणार. ऋजुताला हॉस्टेलवर फोन केला. तिची परीक्षा, धड बोलली नाही. "आई, रिस्टार्ट कर" एवढं बोलून ठेवला. लाखभर फी भरून हे ज्ञान.

नकलेचं ड्रॉइंग अर्धं झालंय. एका बाजूची गोलाई करायला सबंध सकाळ गेली. पानावर पेन्सिलीनं काढलं असतं तर याहून लवकर झालं असतं.

आणखी एक. लिहू की नको, कळत नाही. दुपारी आप्पा आतल्या, ऋजुताच्या खोलीत झोपतात, कारण तिथं हायवेचा आवाज येत नाही. दार लोटलेलं. कॉम्प्युटरही तिथंच आहे, पण तेव्हा मी हॉलमध्ये कागदावर मापं मांडत असते. आज दारापाशी गेले तर आप्पा आत बोलत होते. फोन तर बाहेर चार्जिंगला. "दम धर की जने. पाइप टाकतोय न्हवं."

जनी कोण?

२० जाने., मंगळ

आज पण. "समदी एकाच टायमाला निघाली तर चौक तुंबनारच." मग थोडं थांबून, "जनीला पुन्यांदा पानी न्हाई." आवाज मोठा, रागाचा, पण रागात मजा असावी तसा.

दार ढकललं तर खाटेच्या कडेला बसलेले. कानावर ऋजुताचा हेडफोन. म्हटलं, हे काय आप्पा? म्हणाले, गार वारं लागतंय कानाला. जानेवारी आहे, पटलं. पण पटलंही नाही.

त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटी असंच झालं होतं. मेलेल्या बैलांना नावानं हाका मारायचे. आप्पा पूर्वी ग्रामपंचायतीत होते, पाण्याचं त्यांच्याकडे असायचं. मन तिकडंच परत चाललंय की काय? चौकातल्या डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवला. नितीनला अजून काही बोलले नाही. हे टिकांवर सांगायचं नाही.

ड्रॉइंग तसंच. आज मानेसाहेबांचा मेसेज, "मॅडम, शनिवार ना?" मी लिहिलं, हो.

२२ जाने., गुरुवार

सगळं एका दिवसात झालं. क्रमानं लिहिते.

आज नितीनला खरंच सुट्टी. नाश्ता झाल्यावर म्हटलं, आधी आत चल, कॉम्प्युटर बघ, आप्पांचं नंतर बोलू. आप्पा हॉलमध्ये पेपर वाचत होते. नितीननं बसून इकडंतिकडं पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाला, "तू हे तुझं फोर्ज जरा आवरतेस का? सगळी जागा त्यानंच खाल्लीय."

"माझं?"

"मग कुणाचं? डायचं सॉफ्टवेअर ना ते? म्हणून तर मी हात लावला नाही. तुझं नवीन काम, म्हटलं आपण मध्ये पडायला नको."

मी म्हटलं, मला वाटलं ते तुझ्या कंपनीचं. रिपेअरवाल्याचा हात धरला त्यापायी. माझं लग्न काढलं तिथून.

"आपलं लग्न," नितीन म्हणाला.

दोघं त्या ऐरणीच्या चित्राकडे बघत बसलो. इतके दिवस नवऱ्यानं बायकोचं म्हणून आणि बायकोनं नवऱ्याचं म्हणून सांभाळलेलं फोल्डर. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ फोर्जिंगच्याच गप्पा, मग फोर्ज नावाच्या वस्तूवर संशय घेणार कोण? दुसरं काही नाव असतं तर पहिल्या दिवशी उडवलं असतं.

मागून आप्पांचा आवाज आला. पेपर हातात तसाच.

"ते माजं हाय."

नितीन खुर्चीतून उठला आणि आप्पा सरळ तिथं जाऊन बसले. चष्मा पुसला, एका बोटानं टकटक केलं, आणि पडद्यावर गाव उघडलं. अख्खं गाव. रस्ते, घरं, कारखाने, चिमण्या, हिरवे ठिपके म्हणजे झाडं, मुंगीएवढ्या गाड्या पळतायत. खेळ होता तो. गाव वसवायचा खेळ. वर आप्पांनी इंग्रजीत नाव घातलंय निघोजे, स्पेलिंग चुकलेलं.

गावातली माणसं तक्रारी पाठवतात म्हणे. कोपऱ्यात एक बाई सारखी यायची, नाव जेनिफर. रोज तिचं तेच, पाणी नाही. आप्पा म्हणाले, ह्या जनीनं डोकं उठवलंय.

मी मटकन खाटेवर बसले आणि हसायलाच लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नितीनला कळेना काय झालं. आप्पांचं डोकं ठिकाणावर आहे, हे त्याला कसं सांगू? जीव भांड्यात पडला, अगदी शब्दशः आवाज झाला असेल. डॉक्टरांचा नंबर फोनमधून काढून टाकला.

आप्पा मात्र ओशाळले होते. जेवतानाचं नकलेचं बोलणं आठवलं असेल, मला म्हणाले, "तू नकल काढतीस, तशी मीबी काढलीया. निघोज्याची."

तोच, दुपारी

ऋजुताला व्हिडिओ कॉल. पेपर संपला होता, वाचा फुटली. दिवाळीच्या सुट्टीत तिनंच घातलं. फोर्ज म्हणजे खेळांचं दुकान, तिथून खेळ उतरवून घ्यायचे. आजोबांना दिवसभर करमत नव्हतं म्हणून शिकवलं आणि आईला सांगू नका असं बजावलं. म्हटलं, आजोबा तुझ्याहून शब्दाचे पक्के निघाले.

पण ती पण गोंधळली. "मी दोनच टाकले होते. एवढी जागा कशी जाईल?"

नितीननं यादी उघडली. यादी संपेना. मोटारींच्या शर्यती, पाणबुडी, डुकरांचं हॉटेल, तीन वेगवेगळी युद्धं, मासेमारी, एक विमानतळ. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं.

"फ्री लिवलं व्हतं," आप्पा म्हणाले. "तेवढं येतंय मला वाचाया."

शेतकी प्रदर्शनातून हा माणूस बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या, टोप्या, पत्रकं, जे फुकट असेल ते आणायचा. तेच केलंय. एक पण उघडून पाहिलेला नाही. फ्री दिसलं की दाबलं, एवढंच. आणि डिस्क भरली की उतरवणं थांबायचं, जरा जागा झाली की आपोआप पुन्हा सुरू, असं ऋजुता म्हणाली. म्हणजे शनिवारी मी माझं लग्न बाहेर काढलं आणि रात्री त्या जागेत पाणबुडी येऊन बसली.

शिवाय मी फक्त पडदा बंद करायचे. चालू व्हायला फार वेळ लागतो म्हणून मशीन कधी बंदच केलं नाही. त्याला रात्रभर मोकळं रान.

२३ जाने., शुक्र

काल नितीन रागावला होता, आता लिहायला हरकत नाही. तो म्हणाला, सगळं उडवतो, मनीषाचं काम शनिवारवर आलंय आणि इथं डुकरांची हॉटेलं. बाप आहे म्हणून आवाज चढवला नाही, पण माऊस असा धरला होता की.

आप्पाच म्हणाले, "काढ. माजं गावबी काढ. पोरीचं काम म्होरं." आणि उठून गॅलरीत गेले. पाठ आमच्याकडे.

मी नितीनच्या हातातून माऊस घेतला. एकेकाचं वजन बघितलं. एकेक युद्ध केवढं धिप्पाड, आणि आप्पांचं निघोजे सगळ्यांत लहान. जेनिफरसकट एका कोपऱ्यात मावेल एवढं. जागा गावानं खाल्लीच नव्हती. फुकटच्यांनी खाल्ली होती. गाव ठेवलं, बाकी सगळं साफ. ऋजुताचं युद्धसुद्धा, तिला न विचारता. आपोआप चालू होणं बंद केलं.

गॅलरीत जाऊन सांगितलं, गाव आहे. आप्पा फक्त "व्हय?" म्हणाले आणि आत येऊन चहा मागितला.

डबडं आता डबडं नाही. आज दिवसभरात नकल पुरी झाली.

२४ जाने., शनि

ड्रॉइंग गेलं. पाठव म्हटलं आणि गेलं. मी उगाच दोनदा तपासलं, खरंच गेलं का. मानेसाहेबांचा अंगठा आला. नुसता अंगठा, पण वर केलेला.

आज स्वयंपाकाला सुट्टी, बदलीवाला परतल्यामुळे फर्स्ट शिफ्टहून येताना नितीन मिसळ आणणार होता, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली. खिचडी खाल्ली. उत्तम लागली.

२६ जाने., सोम

कॉम्प्युटरच्या शिफ्ट लागल्या. नितीननं कंपनीसारखा कागद करून भिंतीला चिकटवलाय. फर्स्ट शिफ्ट मी. सेकंड शिफ्ट आप्पा. चार्ज दिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. नवीन काही उतरवायचं तर दोघांची संमती. फ्री असलं तरी. हे शेवटचं आप्पांनी मोठ्यानं वाचायला लावलं आणि मान डोलावली.

दुपारी मी उठले तर आप्पा टोपी घालून दारात हजर. कंपनीत चार्ज कसा देतात हे नितीनकडून विचारून ठेवलेलं.

"मशीन कसं हाय?"

म्हटलं, गार आहे, कुरकुर नाही, दोन नंबरची डाय चालू आहे, तिला हात लावू नका.

"न्हाई लावत," म्हणाले आणि गादीवर बसल्यासारखे खुर्चीत बसले.

२८ जाने., बुध

मानेसाहेबांचा फोन. पहिल्या ड्रॉइंगमध्ये एका कडेला उतार कमी पडलाय, तुकडा साच्यात अडकेल. माझीच चूक, त्या अडखळत्या दिवसांतली, रेघ उशिरा उमटायची त्यात झालेली. पूर्वी हे ऐकून दोन दिवस जेवले नसते. आज बसले, उतार वाढवला, तासाभरात परत पाठवलं. ते म्हणाले, एवढ्यात? मी म्हटलं, हो, मशीन जरा बरं झालंय.

३१ जाने., शनि

मानेसाहेबांकडे चाकणला जायचं होतं, घडवलेला तुकडा बघायला. आप्पा म्हणाले, मी येतो. कशाला ते सांगेनात.

चौकात अडकलो, नेहमीसारखं. पुढे कांद्याचे ट्रक, मागे कंपनीच्या बसेस, मध्ये आमची रिक्षा. आप्पा मान बाहेर काढून बघत होते. मग ड्रायव्हरला समजावायला लागले. जड गाड्यांना मागून वेगळा रस्ता, मधी पूल, आणि कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या टायमाला. "मी केलंय. एक गाडी थांबत न्हाई." ड्रायव्हर परभणीकडचा, तो म्हणाला, "काका, तुमी पीडब्ल्यूडीत व्हता का?" आप्पा म्हणाले, न्हाई, निघोज्यात.

मानेसाहेबांच्या वर्कशॉपात नकल हातात घेतली. जड, काळी, कडा गुळगुळीत. मी कागदावर काढलेला खड्डा इथं भरून आलाय. आप्पांनी पण हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मानेसाहेबांना सांगितलं, आमच्या सुनेनं काढलीया. मानेसाहेब म्हणाले, माहीत आहे काका, मीच दिलं काम. तरी त्यांनी पुन्हा सांगितलं.

येताना रिक्षा निघोज्यावरून घेतली. आमच्या मळ्यावर आता कंपनीचं लांबलचक निळं छप्पर आहे. कुंपणाच्या आत विहिरीचा कठडा दिसतो. आप्पांनी सही केली, पैसे घेतले, पुनावळ्याचा हा फ्लॅट त्यातूनच झाला. त्याबद्दल घरात कुणी रडत नाही. आप्पांनी रिक्षा जरा हळू घ्यायला सांगितली, एवढंच.

३ फेब्रु., मंगळ

आज पुन्हा गोल फिरलं. तळपायाची आग मस्तकात गेली. उठून तरातरा हॉलमध्ये गेले आणि आप्पांना नको ते बोलले. संमतीचा कागद आठवला का, वगैरे. आप्पा शेंगा सोलत होते, शांतपणे म्हणाले, "आदी बग तरी कुनी घेतलंय."

बघितलं. ट्रक चालवायचा खेळ. उतरवलाय गुरुवारी, आमच्या नवऱ्यानं. दिवसभर कंपनी, येताजाता ट्रॅफिक, आणि सुट्टीला घरी बसून ट्रक. विचारलं तर म्हणतो, त्यात रस्ते मोकळे असतात गं.

उडवला. आप्पांची माफी मागितली. त्यांनी मूठभर शेंगा हातावर ठेवल्या. भिंतीवरच्या कागदात "दोघांची" खोडून "तिघांची" केलं.

५ फेब्रु., गुरु

दोन आणि तीन नंबर दोन्ही पास. मानेसाहेब स्वतःहून म्हणाले, काम स्वच्छ आहे. स्वच्छ. हा शब्द मी दिवसभर मनात घोळवला. किती दिवसांनी खांदे खाली आले.

९ फेब्रु., सोम

चार्ज देताना आज जरा थांबले, आप्पांचं गाव नीट बघितलं. जेनिफरला पाणी मिळालंय, ती आता कचऱ्याची तक्रार करते. मधोमध मात्र एक रिकामा तुकडा आहे. सगळीकडून रस्ते भिडलेत, आणि तेवढी जागा मोकळी. त्याच्यावर एक पिवळी खूण सारखी लुकलुकते, गावाला कारखाना हवाय, जागा द्या.

म्हटलं, आप्पा, इथं का नाही टाकत काही? खूण किती दिवसांची असेल.

"ते मळ्याचं हाय," म्हणाले. "मागू दे. इथं मी म्हनंन तवा."

खूण लुकलुकत राहिली. मी कणीक मळायला गेले.

१२ फेब्रु., गुरु

मानेसाहेबांचा फोन. अचानक फोन म्हणजे काहीतरी बिघडलं असं धरून घेतला. उलटंच. म्हणाले, कायमच्या या. टेबल देतो, मशीन देतो, रोज चाकणला वर्कशॉपात बसा. सोमवारपर्यंत सांगा.

आनंद झाला, खोटं कशाला लिहू. ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते स्वतःहून दारात आलं. नितीन म्हणाला, घे, विचार काय करतेस. पण रोज तो चौक, सकाळी निघायचं ते दिवेलागणीला यायचं. आणि आप्पा दिवसभर एकटे, ना शिफ्ट बदलायला कुणी, ना चार्ज घ्यायला. माझं स्वतःचं काय? घरी बसून तीन डाय केल्या, तर आणखी दोन वर्कशॉपवाल्यांना विचारून आपलंच ऑफिस काढावं असं मनात येऊन गेलं होतं. ते कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पांना फक्त एकदा, कणकेपाशी.

जेवताना आप्पांना मानेसाहेबांचं सांगितलं. म्हणाले, "चांगला मानूस हाय." आणि भाकरी मोडत राहिले.

१४ फेब्रु., शनि

चार्ज द्यायला उठले तर आप्पा म्हणाले, आज बस, काम हाय तुज्याकडं. मला शेजारी स्टूल दिलं. गाव उघडलं.

मधला तुकडा रिकामा नव्हता. पिवळी खूण गेली होती. तिथं एक बैठी इमारत उभी होती, छप्पर निळं नाही, लाल. पुढं चार झाडं, बाजूला बसचा थांबा. मागे गोल निळा ठिपका, म्हटलं हे काय, तर म्हणाले हीर. विहीर त्या खेळात मिळत नाही, म्हणून तळं टाकून चारी बाजूंनी कठडा केलाय. आणि इमारतीवर पाटी. एका बोटानं किती वेळ लागला असेल. इंग्रजीत MANISHA, पुढं DRAWING, आणि ह्या वेळी स्पेलिंग बरोबर आहे. ऋजुताला फोन करून विचारलं म्हणाले.

खरा मळा सहीनं गेला, त्याला कुणी काही बोललं नाही. हा मात्र कुणालाच देत नव्हते.

"मानेसाहेबाकडं जायाचं तर जा," आप्पा पडद्याकडे बघत म्हणाले. "मी काय न्हाई म्हनत न्हाई. पन जागा हाय, एवडं ध्यानात ठेव."

मी स्टूल पडद्याजवळ ओढलं. सोमवारी सकाळी मानेसाहेबांना उत्तर द्यायचंय आणि आत्ता तरी मला ते ठाऊक नाही. पण छाती हलकी आहे, फार दिवसांत नव्हती इतकी.

आप्पा मघापासून माऊस धरून थांबलेत. विचारतायत, हापिसापुढं पार्किंग किती गाड्यांचं ठेवू.